तिसऱ्या खणाचं बूच

पनवेलला बोटी बनायच्या, हे पनवेलमधल्याच पुष्कळ लोकांना ठाऊक नव्हतं. नवीन पनवेलला आमच्या शेजारच्या बर्वेकाकू मला दर दोन महिन्यांनी विचारायच्या, "तू नक्की कुठल्या ऑफिसात आहेस गं?"

"ऑफिसात नाही काकू, बोटीच्या कारखान्यात."

"म्हणजे लाँचवर तिकिटं फाडतेस?"

"नाही हो, आम्ही बोट बनवतो. ट्रक वाहून नेणारी."

यावर त्या माझ्याकडे असं बघायच्या, की जणू लग्न टाळण्याची ही माझी नवीच युक्ती आहे.

त्या बोटींबद्दल लिहायचं आहे. त्यातही पहिल्या बोटीबद्दल, आणि तिच्यापायी मी ज्या माणसावर अन्याय केला त्याच्याबद्दल. अन्यायाविरुद्धचं लिखाण वाचतच मी वाढले. त्यामुळे हे वाक्य लिहायला मला काही वर्षं लागली.

वडिलांचा जुन्या पनवेलमध्ये छोटा छापखाना होता. पायाने चालवायचं एक यंत्र, खिळ्यांच्या चार पेट्या आणि एक मोडकं बाकडं. पोटासाठी ते लग्नपत्रिका छापत, पण जीव पत्रकांवर. संपावरच्या कामगारांची पत्रकं, जमीन गेलेल्या शेतकऱ्यांची, नळाला पाणी नसलेल्या वस्तीची. मी अक्षरं शिकले ती बिघडलेल्या प्रतींवर. 'म' मागणीचा, 'न' निषेधाचा. दहाव्या वर्षी मी मुद्रितं तपासत होते. वडिलांचे नियम तीन. खरं असेल तेच लिही. नाव घालून लिही. आणि डाग दिसला की काढ, कारण कागदावर शाईचा ठिपका पडला की वाचणाऱ्याला तो अनुस्वार वाटतो. पहिल्या दोन नियमांनी मला भांडखोर केलं. तिसऱ्याने काय केलं ते पुढे येईल.

आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स करून मी खाडीकाठच्या त्या कारखान्यात ट्रेसर म्हणून लागले. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड, एक क्रेन, आणि पाण्यात उतरत गेलेला सिमेंटचा उतार. ट्रेसरचं काम सांगते. साहेब पेन्सिलीने मूळ नकाशा काढतात. त्यावर पारदर्शक कागद ठेवून तो शाईने जसाच्या तसा उतरवायचा. त्यावरून प्रती निघतात आणि त्या हातात घेऊन फिटर, वेल्डर काम करतात. चूक झाली तर वाळलेली शाई दाढीच्या ब्लेडने अलगद खरवडायची. या खरवडण्यात माझा हात फार चांगला होता. कागदाला कळायचंही नाही.

सगळ्या कारखान्यात मी एकटी बाई, आणि बाईसाठी संडास नव्हता. तिसऱ्या दिवशी मी सूचनाफलकावर पत्रक लावलं. मथळा, चार ओळी, खाली नाव. आमचे मुख्य इंजिनियर देवधर साहेब भले गृहस्थ होते. ते म्हणाले, "शैला, पुढच्या महिन्यात नक्की बघू." पुरुष मंडळी हसली आणि माझं नाव 'पत्रकबाई' पडलं. पण दोनच दिवसांत शेडमागे एक लाकडी खोली उभी राहिली. फळीला फळी अशी बसवलेली की मधून सुई जाणार नाही, सांध्यांत कापूस आणि राळ ठासलेली, वरून तेल दिलेलं. बांधणारा माणूस लाकूड तासायचा वाकस खांद्यावर टाकून बाजूला उभा होता.

"बग गो बाय," तो म्हणाला, "पावसाला चार म्हयने पान्यात ठेवलीस तरी आत थेंब येनार नाय."

तोच धर्मा मिस्त्री. सगळे त्यांना नाना म्हणत.

नाना करंज्याचे. मच्छीमारांच्या लाकडी होड्या बांधण्यात त्यांची उभी हयात गेली होती. लोखंडी बोटीच्या कारखान्यात सुतार कशाला, असं कुणालाही वाटेल. पण बोट लोखंडाची असली तरी खाडी चिखलाचीच असते. बांधलेली बोट उतारावरून पाण्यात कशी सोडायची, ती चिखलात रुतू नये म्हणून काय करायचं, हे शिकवणारं कॉलेज तेव्हा तरी आमच्या माहितीत नव्हतं. नाना होते. देवधर साहेबांनी त्यांना करंज्याहून मुद्दाम आणलं होतं आणि आपल्या शब्दावर ठेवलं होतं. सरकारी जलवाहतूक खात्याने आम्हाला तीन बोटी सांगितल्या होत्या. तिन्ही पाण्यात सोडायचं काम नानांचं, असं ठरलेलं.

या बोटी कशासाठी, तेही सांगते. आपल्याकडे खाडी ओलांडायला पूर्वीपासून 'तर' असायची. माणसं, शेळ्या, भाताची पोती बसवायची आणि वल्हवत पलीकडे जायचं. पण ट्रक आला, की त्याला सगळ्या खाडीला वळसा घालावा लागायचा. अँब्युलन्सलाही. म्हणून ही मोटारींची तर. सपाट तळाची, रुंद, दोन्ही टोकांना उघडणाऱ्या लोखंडी फळ्या असलेली. गाडी एका काठाला चढते आणि न वळता दुसऱ्या काठाला उतरते. डेकच्या खाली ओळीने सहा बंद खण. एका खणात पाणी शिरलं तरी बाकीचे पाच बोटीला तरंगत ठेवतात. मला ही रचना फार आवडायची. कामगारांच्या संघटनेसारखी वाटायची.

वेल्डिंगचे प्रमुख रशीदभाई. पहिला टाका मारताना हळूच 'बिस्मिल्ला' म्हणणार आणि नंतर दिवसभर शिव्या देणार. सांधा पक्का आहे का, हे बघण्याची त्यांची पद्धत मला जादूसारखी वाटे. सांध्याच्या एका बाजूने चुन्याचा हात द्यायचा, वाळू द्यायचा. दुसऱ्या बाजूने रॉकेलचा बोळा फिरवायचा. केसाएवढं जरी भोक असलं, तरी पांढऱ्या चुन्यावर काळपट डाग उमटतो. रॉकेलला लाच देता येत नाही, असं मी एकदा म्हणाले तर रशीदभाई म्हणाले, "बेटा, हे पत्रकात घाल."

पहिली बोट तयार झाली. आता भरती हवी. उधाणाची, म्हणजे पौर्णिमेची किंवा अमावास्येची, कारण एरवी आमच्या उतारापर्यंत पुरेसं पाणीच यायचं नाही. देवधर साहेबांकडे भरतीचं छापील कोष्टक होतं. नानांकडे तिथी होती.

"तिथीची पाऊनपट," त्यांनी मला शिकवलं. "पुनवंला पंधरा. पंधराची पाऊनपट?"

"सव्वाअकरा."

"आन् पानी खाडीच्या पोटात शिरायला आनखी अर्धा तास. पावनेबाराला सोडाची."

कोष्टकाने दहाच मिनिटांचा फरक दाखवला. साहेबांनी कोष्टक खिशात ठेवलं.

पौर्णिमेला मांडव पडला. उतारावर चरबी आणि मऊ साबण थापला होता. बोट लाकडी पाचरींवर अडकवून ठेवलेली. नारळ फुटला, हळदकुंकू झालं. खात्याचे मोठे अधिकारी भाषणाला उभे राहिले. साडेअकरा झाले, बारा वाजायला आले. कोकणचा सागरी इतिहास अजून शिलाहारांपाशीच होता. नाना पाचरीजवळ घण घेऊन उभे. पाण्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं. देवधर साहेबांनी घाम पुसला आणि मान आकाशाकडे वळवली. नानांनी ती संमती समजून घण हाणला.

कर्रर्र असा आवाज झाला, आणि अधिकाऱ्यांच्या पाठीमागून सबंध बोट निघाली. लोक ओरडत उठले. अधिकाऱ्यांना वाटलं, टाळ्या भाषणाला आहेत. ते थांबून हसले. तोवर बोट पाण्यात बसली, एक लाट काठावर आली आणि पुढच्या रांगेतल्या सगळ्या बुटांत शिरली.

"नाना, थांबायचं तरी," मी नंतर म्हणाले. हसू आवरत नव्हतं.

"सायबाचा भाषन ओहोटीत पन चालंल. हिचा नाय चालाचा."

त्या दिवशी संध्याकाळी मी कारखान्याच्या लाँचवरून जाताना विचारलं, "नाना, बोट बरी आहे ना?" ते डेकवरून ओरडले, "बरी हाय!" खणांतलं पाणी मोजून नोंदवायचं काम माझं. मी नोंदवहीत सहाही खणांपुढे 'ठीक' लिहिलं. स्वतः माप न घेता. दुसऱ्या दिवशीही तसंच.

तिसऱ्या दिवशी मी स्वतः बोटीवर गेले. प्रत्येक खणाला डेकवरून खाली जाणारी एक नळी असते. तिच्यातून सळई सोडायची आणि वर काढून किती ओली झाली ते बघायचं. पहिला खण कोरडा. दुसरा कोरडा. तिसऱ्यातून सळई आली ती चार बोटं ओली.

मी नानांना हाक मारली. ते आले, सळई बघितली आणि समाधानाने मान हलवली.

"चारच? बेस. पयल्या दिशी सा बोटं भरला. पोरांनी काडला. काल पाच. आज चार. पितेय ती."

"काय पितेय?"

"पानी. नवी व्हडी पानी पिते, बाय. चार-पाच दिस पिऊ द्याचा. मंग फली फुगते, सांदे धरतात नि आपोआप बंद होतो. तिला घाई करून चालत नाय. तान्ह्या पोरासारखा असतो."

मला आधी कळेचना. मग कळलं. लाकडाची होडी खरंच अशी असते. कोरड्या फळ्या पाण्यात फुगतात आणि फटी मिटतात. नानांनी आयुष्यभर तेच बघितलं होतं. पण लोखंड फुगत नाही. पुढच्या पंधरवड्यात या डेकवर विटांनी भरलेले ट्रक चढवून चाचणी व्हायची होती.

"नाना, हे लोखंड आहे! लोखंड कधी फुगतं का?"

"मंग पानी कमी कसा होतंय?" त्यांनी विचारलं.

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. उत्तर नसलं की मी चिडते. माझा त्यांच्यावर जीव होता, त्यामुळे जास्तच चिडले. मी पंचवीशीच्या आत होते. माणसावर जीव असेल तर सत्य जास्त कडक बोलावं, असं मला वाटायचं. गोष्ट सरळ देवधर साहेबांकडे न्यायला हवी होती. मी दुसऱ्या दिवशी सकाळी शेडच्या भिंतीवर पत्रक लावलं.

'बोटीच्या तिसऱ्या खणात पाणी आहे. ही गोष्ट दोन दिवस लपवण्यात आली. लपवणारे : धर्मा मिस्त्री. अनुभवाच्या नावाखाली अज्ञान खपवून घेतलं जाणार नाही.'

नाव मी जाड बोरूने लिहिलं होतं.

दहाच्या सुमाराला नाना माझ्या टेबलापाशी आले. पत्रक त्यांनी भिंतीवरून अलगद सोडवून आणलं होतं, कोपरे न फाटता.

"पोरं बोलतात यात माजा नाव हाय. वाच गो बाय. मना वाचता येत नाय."

मी म्हटलं, "राहू दे ना, नाना."

"भितीवर लावलंस ते सगल्यांनी वाचाला ना? मंग माज्यापुडं वाच."

मी वाचलं. लिहिताना जी वाक्यं तलवारीसारखी वाटली होती, ती त्यांच्या चेहऱ्यासमोर वाचताना तोंडात खडे आल्यासारखी झाली. 'अज्ञान'पाशी मी अडखळले.

"अज्ञान म्हंजी काय?"

"म्हणजे... माहीत नसणं."

"मंग ता खरा हाय. मना म्हाईत नव्हता, लोखंड पानी पीत नाय. पन लपवला नाय मी. तू इचारलंस, बोट बरी हाय ना. मी बोललो, बरी हाय. पानी हाय का, असा कोनी इचारलाच नाय."

मग त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "माजा नाव कंचा?"

मी दाखवलं. जाड अक्षरांवर त्यांनी हात ठेवला, कागदाची घडी केली आणि कमरेच्या बटव्यात ठेवली.

हे मिटलंही असतं. पण नानांनी पत्रक सोडवायच्या आधीच खात्याचे पाहणी अधिकारी शेडमधून गेले होते आणि त्यांनी ते वाचलं होतं. दुपारी त्यांनी देवधर साहेबांना बजावलं, उरलेल्या दोन बोटी मुंबईच्या मान्यताप्राप्त कंत्राटदाराकडून पाण्यात सोडायच्या, हा लाकडाचा माणूस चालणार नाही. साहेबांनी मला बोलावलं. रागावले नाहीत, तेच वाईट वाटलं.

"शैला, भिंतीवर लावायच्या आधी माझ्या टेबलावर ठेवलं असतंस तर मी त्यांना काही सांगू शकलो असतो. आता काय सांगू?"

बाहेर येऊन बघते तर नानांनी वाकस गोणपाटात गुंडाळला होता. कुणी त्यांना जायला सांगितलं नव्हतं. जाता जाता ते आपल्या हाताखालच्या पोरांना समजावत होते, "भरतीला उताराच्या पायथ्याशी आना. खाली फल्या आडव्या टाका, उब्या नाय. उब्या टाकल्यात तर चिखल तिला धरून ठेवल. ओहोटीला बसली की मंग तलाखाली जाऊन बगा, कुठं गलते." माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "जातो गो बाय." बसस्टँडच्या दिशेने चालू लागले. मी हाक मारली नाही. माझ्या मते मी अजून बरोबर होते.

दोन दिवसांनी नानांच्या पोरांनी बोट तशीच आणून बसवली. फळ्या आडव्या. ओहोटी लागली, तळ उघडा पडला. सगळ्यात आधी रशीदभाई विजेरी घेऊन तळाखाली सरपटत गेले, कारण सांधा फुटला असेल तर तो त्यांचा. अर्ध्या तासाने आतून हाक आली, "पत्रकबाई! जरा खाली या."

मी चिखलातून पोटावर सरकत गेले. पाठीला लोखंड लागत होतं. रशीदभाईंनी उजेड एका जागी धरला होता.

"माझं वेल्डिंग सलामत आहे, अल्ला का शुक्र है. पण हे बघ."

ते एक बूच होतं. प्रत्येक खणाच्या तळाला आट्यांचं एक भोक ठेवतात. बोट उतारावर असताना आत साचलेलं पावसाचं पाणी त्यातून सोडून देता येतं. पाण्यात सोडण्याआधी त्यात पितळी बूच सफेद्याचा लेप देऊन, धागा गुंडाळून आवळायचं, वर सिमेंटचा थर द्यायचा. हे बूच नुसतं हाताने फिरवून लावलेलं होतं. ना सफेदा, ना सिमेंट. वरून रंगाचा हात बसल्यामुळे लांबून कळत नव्हतं. आट्यांमध्ये खाडीचा काळा, बारीक गाळ चोंदला होता. रशीदभाईंनी नखाने थोडा काढला तशी आतल्या पाण्याची धार माझ्या मनगटावर आली.

पाणी रोज कमी का होत होतं, त्याचं उत्तर हे. लोखंड फुगलं नव्हतं. पनवेलची खाडी स्वतःच्या गाळाने भोक बुजवत होती. उघड्या पाण्यात, ट्रकांच्या वजनाखाली, तो गाळ किती टिकला असता?

"फिटरने हे सोडलं कसं?" मी म्हणाले. पुढच्या पत्रकाची पहिली ओळ डोक्यात तयार होत होती.

रशीदभाई म्हणाले, "फिटर यादी बघून आवळतो, बेटा. यादी कुणाची?"

यादी माझी होती. नकाशावरून मीच केलेली. मी ऑफिसात पळाले. चिखलाच्या हातांनी यादी काढली. बुचं पाच. खण सहा, बुचं पाच. मूळ पेन्सिलीचा नकाशा काढला. तिसऱ्या खणात, अगदी घडीवर, एक छोटं वर्तुळ होतं. मग माझा पारदर्शक कागद खिडकीशी धरला. त्याच जागी कागद जरासा पातळ होता. मी वर्तुळ आधी उतरवलं होतं, आणि तळाला भोकं पाडायची प्रत निघून गेल्यावर, यादीआधी तपासताना, शाईचा डाग समजून, ब्लेडने खरवडून काढलं होतं. सुंदर खरवडलं होतं. कागदाला कळलंही नव्हतं.

रशीदभाई दारात उभे होते. म्हणाले, "मी बूच आवळतो, सिमेंट देतो. पाणी बंद. खातं खूश, साहेब खूश. यादीत एक आकडा वाढव. कोण बघतंय?"

ते वाईट माणूस नव्हते. मला वाचवत होते. आणि खरं सांगते, मी लगेच नाही म्हणाले नाही. लोक म्हणतात तत्त्वाच्या माणसाला मोह होत नाही. त्यांना कधी स्वतःच्या हाताने खरवडलेला कागद उजेडात धरावा लागलेला नसतो. गप्प राहिले असते तर माझं काहीच जाणार नव्हतं. फक्त नाना करंज्यालाच राहिले असते.

घरी जाऊन मी दुसरं पत्रक लिहिलं आणि वडिलांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून, सवयीने पेन्सिल घेऊन वाचलं. दोन विशेषणं खोडली. 'अनवधानाने' खोडलं. मग म्हणाले, "पहिलं पत्रक कसं लिहिलं होतंस?"

"जाड बोरूने. नाव ठळक."

"यात तुझं नाव बारीक का?"

मी पुन्हा लिहिलं. त्याच बोरूने.

'तिसऱ्या खणाचं बूच यादीत नव्हतं. यादी करणारी : शैला, ट्रेसर. तिने ते नकाशावरून खरवडून काढलं. माप न घेता वहीत 'ठीक' लिहिणारीही तीच. धर्मा मिस्त्री यांनी काही लपवलेलं नाही.'

या वेळी कागद आधी साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, त्याची एक प्रत खात्याच्या फाइलला जोडली, मला एक मेमो दिला आणि म्हणाले, "आता मला त्यांना सांगायला काहीतरी आहे. पण म्हातारा येईल का?"

मी करंज्याची एसटी धरली. बंदरावर लिलावाची आरडाओरड चालली होती, काठ्यांवर बोंबील वाळत होते. नाना एका होडीच्या पोटाखाली उताणे पडून सांध्यात कापूस ठोकत होते. माझे पाय त्यांना दिसले असावेत.

"कोन? पत्रकबाय?"

"हो. वाचून दाखवायला आलेय."

"वाच. कान मोकले हायेत."

मी उभ्याने वाचलं. आजूबाजूला जाळी विणणाऱ्या बायका विणायच्या थांबल्या. ठोकण्याचा आवाज बंद झाला. वाचून झाल्यावर खालून प्रश्न आला, "मंग पानी कमी कसा झाला?"

"आट्यांत गाळ बसला, नाना."

होडीखालून हसू फुटलं. हसता हसता ते बाहेर सरकले, दाढीत कापूस अडकलेला. "म्हंजी खाडीनंच बूच मारला! आन् मी बोलतंय, पोरगी पानी पितेय!" जाळीवाल्या बायकांकडे वळून म्हणाले, "ऐकला का गो? मी लोकंडाला दूध पाजीत व्हतो!"

"पाजा नाना, आता त्याला शालंत घाला," त्यातली एक म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं आणि त्याच वेळी रडूही.

मी म्हणाले, "नाना, मी चुकले. परत चला."

"चुकलो तर दोगं. तू इचारला नाय, मी सांगला नाय." त्यांनी हात पुढे केला. "तो कागद दे हिकडं." घडी करून बटव्यात ठेवला. येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही नाही. "ही व्हडी आदी पुरी कराची हाय," एवढंच.

बुचाला सफेदा लागला, धागा लागला, सिमेंट बसलं. भाराच्या चाचणीला वीटभट्टीवरून विटांचे ट्रक आले आणि त्यांच्याबरोबर विटा उतरवणाऱ्या बायकाही. पाहणी अधिकारी म्हणाले, माणसं खाली उतरवा, फक्त वजन हवं. त्यातली एक म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आमी काय कापूस हाव? आमचा बी वजन धरा की." देवधर साहेबांनी त्यांना बसू दिलं. बोट खाडीच्या मध्यावर गेली, ट्रक एका कडेला सरकवले, कल मोजायला टांगलेला ओळंबा नियमाएवढाच सरकला. मी तिसऱ्या खणात सळई सोडली आणि वर काढली. कोरडी होती. मी ती उगाचच ओढणीने पुसली.

खात्याने नंतर कळवलं की बोटी सोडणाऱ्या माणसाबद्दल त्यांची आता हरकत नाही, मात्र बोट पाण्यात गेल्यावर प्रत्येक भरतीला माप घेऊन नोंद झाली पाहिजे. ते योग्यच होतं. तो नियम आधीपासून माझ्याच डोक्यात असायला हवा होता.

दुसऱ्या बोटीच्या वेळची अमावास्या आली. मुंबईच्या कंत्राटदाराला बोलवायचं की नाही, हे साहेब आदल्या दिवसापर्यंत लांबवत होते. अमावास्येच्या सकाळी मी शेडमध्ये शिरले तर उतारावर चरबीचा वास होता आणि गोणपाटातून सोडलेला वाकस पाचरींपाशी उभा होता.

"उशीर केलास," नाना म्हणाले. "चल खाली."

आम्ही दोघं बोटीखाली सरपटत गेलो. पुढे नाना, मागे मी यादी घेऊन. प्रत्येक बुचापाशी ते थांबायचे, सिमेंटवर तळहात ठेवायचे आणि विचारायचे, "किती?" मी मोठ्याने सांगायचे. एक. दोन. तिसऱ्यावर त्यांनी माझा हात धरून टेकवला. चार. पाच.

"किती?"

"सहा."

"खन किती?"

"सहा, नाना."

बाहेर आलो. पावणेबाराला थोडा वेळ होता. या खेपेला भाषण लवकर संपवायचं, असं साहेबांनी आधीच ठरवून घेतलं होतं. नानांनी बटवा काढला. पानाबरोबर त्यातून दोन घड्या निघाल्या, तंबाखूने पिवळ्या पडलेल्या. त्यांनी त्या उलगडून दोन हातांत धरल्या. दोन्हींवर जाड बोरूची अक्षरं.

"यातला माजा कंचा नि तुजा कंचा?"

मी बोटाने दाखवलं. हा तुमचा. हा माझा.

त्यांनी एकदा इकडे, एकदा तिकडे नीट बघितलं. मग दोन्ही एकावर एक ठेवले, घडी घातली आणि बटवा कमरेला खोचला.

"दोनी सारकेच दिसतात, बाय," ते म्हणाले, आणि घण उचलला.